शून्य पाझर

वृषालीचं तोंड म्हणजे अगदी उघडं दार होतं. आत काय चाललंय ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसावं! पोरानं फळ्यावर गुणाकार चुकवला की तो खडू खाली ठेवायच्या आधीच हिच्या भुवया वर. बरोबर आला की हनुवटी खाली, इतकीशी, तीळभर, तिला स्वतःलाही पत्ता नाही. आणि असली ही बाई निघाली कशाला? तर कॉम्प्युटरवरच्या परीक्षेची सुपरवायझर व्हायला! पहिल्याच दिवशी नापास झाली. दुसऱ्या दिवशीही.

पण ते कसं, हे कळायला आधी ती परीक्षा कळायला हवी.

सातवीनंतरची क्षमता परीक्षा, जिच्यावर निवासी हायस्कूलचा प्रवेश ठरतो, ती आता कागदावर होतच नाही. प्रत्येक मुलापुढं एक स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीनवर वेगळा प्रश्न. मशीन तिथल्या तिथं प्रश्न बनवतं. एक सुटला की पुढचा जरा अवघड, अडला की जरा सोपा. शेजाऱ्याचं बघावं तर शेजाऱ्याचा प्रश्नच निराळा. पेपर फोडावा म्हटलं तर पेपरच नाही! सगळी भोकं बुजवली, सगळे खूश. तरीही काही केंद्रांवरची मुलं दरवर्षी जरा जास्तच हुशार निघत होती. शोध शोध शोधलं, आणि शेवटी सापडलं कोण? वर्गात फेऱ्या मारणारा सुपरवायझर.

"तो बिचारा मुद्दाम काही सांगत नाही," साताऱ्याच्या प्रशिक्षणात तांबोळी सर म्हणाले. फिरोज तांबोळी, तिशीतला माणूस, शर्टाइतकाच चेहराही इस्त्री केलेला. "सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक घोडा होता. गणितं करायचा. बेरीज विचारली की खूर आपटायचा आणि बरोबर आकड्यावर थांबायचा. मोठमोठे प्राध्यापक तपासून गेले, लबाडी कुठंच नाही. मग कळलं, घोडा गणित करतच नव्हता. तो समोरचा माणूस वाचत होता. उत्तर जवळ आलं की माणसाचा श्वास अडतो, मान केसभर हलते. घोड्याला तेवढं पुरायचं."

"म्हणजे आमची पोरं घोडी?" मागून जगताप सर ओरडले. हे कराडकडचे पीटीचे सर. सगळे हसले.

तांबोळी सर हसले नाहीत. "पोरं घोड्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. ज्याला उत्तर माहीत आहे, त्याच्या अंगातून ते झिरपतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, श्वास बदलतो, कातडीखालचं रक्त जोरात वाहतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. आम्ही त्याला पाझर म्हणतो. छतावरचा कॅमेरा हे सगळं टिपतो आणि मुलाच्या स्क्रीनवर त्या क्षणी बरोबर उत्तर कुठलं आहे त्याच्याशी जुळवून बघतो. जुळलं की रेघ वर चढते. रेघ मर्यादेबाहेर गेली की केंद्र रद्द."

मग प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. गंमत त्या पट्ट्यातच होती. अंग पाझरलं की पट्टा थरथरायचा, बस. कसं थांबवायचं ते कुणी शिकवायचं नाही, कारण ते शिकवून येतच नाही. पण मेंदूला असा झटपट निरोप मिळत राहिला की तो आपला आपण शिकतो, सायकलवरचा तोल शिकतो ना, अगदी तसा. पट्टा थरथरतो, आणि ज्यामुळं थरथरला ती गोष्ट मेंदू हळूहळू सोडून देतो.

जगताप सरांचा पट्टा एकदाही हलला नाही. "माझी बायको म्हणते, ह्या माणसाला लग्नापासून पाझर नाही," ते म्हणाले आणि प्रमाणपत्र घेऊन दुपारच्या एसटीनं घरी गेले.

वृषालीचा पट्टा मात्र मधमाशी अडकल्यासारखा, नुसता घूं घूं घूं.

"मॅडम, सोडून द्या," तांबोळी सर शेवटी हळूच म्हणाले. "सगळ्यांना जमत नाही."

"सोडून कसं चालेल सर?" वृषाली म्हणाली. "आमचं पालवण धरणाच्या पाण्यापलीकडं आहे. शाळेत प्रमाणित सुपरवायझर नसेल तर केंद्र मिळत नाही. मग पोरांना लाँचनं पलीकडं जावं लागतं. मागल्या वर्षी धुक्यात लाँच निघालीच नाही वेळेवर. पोचलो तर दार बंद! त्यातली ईश्वरीची मोठी बहीण आता शेळ्या राखतेय. यंदा ईश्वरी सातवीत आहे."

 तांबोळी सरांनी पट्टा काढून न घेता तिच्याच हातात ठेवला. "घरी घालून फिरा. दिवसभर."

आणि ती फिरली ना! शाळेत, विहिरीवर, चुलीपुढं, सगळीकडं पट्टा. आता घरचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट घरीच झाली.

घरात नवरा संदेश, आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ही पण तात्याच म्हणायची. तात्यांनी उभा जन्म लाँच चालवली, आणि बोलणं असं की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्यानं वळून बघावं. पण आदल्या पावसाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय सावरले, पण शब्द गेले. म्हणजे वस्तू कळायची, उपयोग कळायचा, नाव तेवढं सापडायचं नाही. डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती आणि बजावलं होतं, पहिलं वर्ष-दीड वर्ष महत्त्वाचं, रोज सराव घ्या.

तर रोज चहानंतर ओसरीवर सासरा-सुनेची शाळा भरायची. ती चमच्याचं कार्ड धरायची. तात्या "च..." म्हणायचे आणि तिच्याकडं बघायचे. तिची हनुवटी तीळभर खाली. की लगेच, "चम... चमचा!" आणि मग दोघंही असे खूश, जसा काही तो चमचा चांदीचा! दिवाळीपर्यंत तात्या तिच्या तोंडाकडं बघत बघत अख्खी वाक्यं बोलायला लागले होते. एकदा तर संदेशला "गाढवा" म्हणाले, तेव्हा घरात पेढे वाटायचे बाकी राहिले होते.

पट्टा आला आणि पहिले काही दिवस नुसती मजा. तात्या बरोबर बोलले की पट्टा घूं. तात्या हसायचे, बोट दाखवायचे. मग घूं कमी व्हायला लागलं. वृषालीला वाटलं, जमतंय! शाळेतही जमत होतं. महिन्याभरात पट्टा गप्प झाला. साताऱ्याला जाऊन तिनं पुन्हा चाचणी दिली. रेघ अशी सपाट, जशी वाऱ्याविना पाण्याची कड. शून्य पाझर! तांबोळी सरांनी प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजत असताना वृषालीला आपला चेहरा समोरच्या काचेत दिसला. आनंद झाला होता हो तिला, खूप झाला होता. काचेतल्या बाईला तो कुणी कळवलाच नव्हता.

घरी संदेश चेष्टा करायला लागला. "आज आमटीत मीठच नव्हतं. तू जेवलीस तशीच. मला वाटलं मलाच चव येईना!"

तात्या चेष्टा करत नव्हते. कार्ड बघून "च..." म्हणायचे, तिच्याकडं बघायचे. थांबायचे. पुन्हा बघायचे. मग कार्ड उपडं ठेवायचे. हळूहळू ते ओसरीवर यायचेच बंद झाले, चहा झाला की उठून काठाकडं निघून जायचे. एका संध्याकाळी ती कार्डं घेऊन त्यांच्यामागं गेली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग मोठ्या कष्टानं म्हणाले, "रा... राग?"

"नाही हो तात्या! तुमच्यावर कशाला रागावू मी?"

तात्या तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिचे शब्द 'नाही' म्हणत होते, चेहरा काहीच म्हणत नव्हता. आणि ज्याचे शब्दच गेलेत तो माणूस विश्वास कशावर ठेवणार?

तिनं तिथल्या तिथं पट्टा काढला आणि तांबोळी सरांना फोन लावला.

"सर, पट्टा काढला तरी चेहरा परत येत नाहीये."

 सर म्हणाले, "मेंदूला आपण नको त्या वेळी पाझरू नको असं शिकवायला गेलो. तो नुसतं पाझरू नको एवढंच शिकला असेल. त्याला परीक्षेचा हॉल आणि घर वेगळं कुठं कळतं?"

"पण परीक्षा झाली की येईल ना परत?"

"खरं सांगू मॅडम? ते कुणी तपासलंच नाहीये." मग आवाज खाली आला. "माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेतून आली की चित्रं आईलाच दाखवते. मला वाटायचं, आईची लाडकी आहे."

आता आली का पंचाईत! प्रमाणपत्र टाकून द्यावं, तर केंद्र गेलं, ईश्वरी बहिणीच्या मागं शेळ्यांकडं. ठेवावं, आणि पट्ट्याचा सराव चालू ठेवावा, तर तात्यांच्या त्या महत्त्वाच्या वर्षातले उरलेले महिने असेच जाणार. परीक्षा तोंडावर आली होती. वृषालीनं दोन्हीकडचा विचार केला आणि दोन्हीकडून रडू आलं. तेही आतल्या आतच.

अशात तांबोळी सर पालवणला रंगीत तालीम घ्यायला आले. कॅमेरा लावला, स्क्रीन मांडले, सातवीची सगळी मुलं बसवली. सर कोपऱ्यात मॉनिटरपाशी. वृषालीनं फेऱ्या मारायला सुरुवात केली, आणि जे झालं ते फक्त पालवणच्याच शाळेत होऊ शकतं.

त्या शाळेत अजून पाटी आहे. आणि पहिलीपासूनची रीत अशी, की उत्तर लिहिलं की पाटी बाईंकडं धरायची, बाईंनी बघितलं की तळहातानं पुसायची. बघितल्याशिवाय पुसायची नाही म्हणजे नाही! तर मुलांनी काय केलं, बरोबर उत्तरावर बोट नेलं आणि माना वर केल्या. बाईंकडं बघत बसली. बोट हवेत. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नाही, मग दाबायचं कसं? वेळ संपला, प्रश्न गेला. पुढचा आला, पुन्हा बोट हवेत. ईश्वरी, वर्गात सगळ्यांत हुशार, तिच्या स्क्रीनवर प्रश्न सोपे सोपे होत पार बेरजेवर आले. ती मुसमुसायला लागली.

"बाई, तुम्ही चिडलाय का माझ्यावर?"

 तात्यांचाच प्रश्न!

तेवढ्यात दारातून राजाक्का आल्या. राजाक्का सपकाळ, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, हातात पळी, पदर खोचलेला. "काय गं, रडाया काय झालं? खिचडी झालीया. आज वाटाणा घातलाय. उरका की पटापटा!" आणि अशा हसल्या की वर्गात ऊन आल्यासारखं झालं. मुलांनी त्यांच्याकडं बघितलं. टक टक टक, धडाधड बोटं स्क्रीनवर! राजाक्का रांगांमधून फिरल्या, कुणाच्या डोक्यावरून हात, कुणाच्या स्क्रीनकडं बघून "आगं बया, केवढं मोठं गणित!" करत. ईश्वरीनं नाक पुसलं आणि झपाझप वर चढायला लागली.

"मॅडम, ह्यांना बाहेर काढा!" तांबोळी सर उठलेच. "रेघ..." आणि मॉनिटरकडं बघून तसेच उभे राहिले.

रेघ सपाट होती.

राजाक्कांच्या चेहऱ्यावर नुसती जत्रा चालली होती, हसू, भुवया, माना, सगळं. आणि मॉनिटरवर शून्य पाझर.

"कॅमेरा बिघडला," सर म्हणाले.

वृषाली धावत मॉनिटरपाशी आली. आणि अचानक, अगदी कुणी दिवा लावावा तसं, तिला दिसलं. "बिघडला नाही सर! तुम्हीच सांगितलं होतं ना, कॅमेरा चेहरा मोजत नाही, चेहरा आणि बरोबर उत्तर जुळतंय का ते मोजतो! राजाक्कांना उत्तरच माहीत नाही. मग त्यांनी कितीही हसू दे, जुळणार कशाशी? झिरपायला आत काही पाहिजे ना!"

तांबोळी सर खुर्चीत बसले. "म्हणजे आपण वर्षभर काय करत होतो? माहीत असणाऱ्यांना दगड करत होतो."

"आणि माहीत नसणारा माणूस हसता-बोलता चालला असता."

सरांनी लगेच नियम उघडले. सुपरवायझर शाळेचा कर्मचारी असावा, एवढंच होतं. शिक्षकच हवा असं कुठंही नव्हतं. वरच्या कार्यालयात फोन झाले, वादावादी झाली, पण रेघेपुढं कोण काय बोलणार?

खरी अडचण राजाक्कांची झाली. सगळं ऐकून त्यांनी पळी भांड्यात टाकली. "म्हंजी मी अडाणी, म्हणून मला बसवायची. असंच ना बाई?"

वृषालीनं मान हलवली. कारण तसंच होतं. "हो राजाक्का," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

राजाक्का जरा वेळ खिचडी ढवळत राहिल्या. "बसते. पोरांसाठी बसते. पन एक सांगते. परीक्षा झाली की मला शिकवायचं. पाढे, इंग्रजी, समदं. म्होरल्या साली मी झिरपाय लागले की तुमी दुसरी कोन ती हुडका."

"शब्द देते," वृषाली म्हणाली. चेहरा काही बोलला नाही, पण राजाक्कांनी हात धरून बघितला आणि म्हणाल्या, "हात तरी गरम हाय."

मग काय धमाल, राजाक्कांचं प्रशिक्षण! लाल दिवा लागला तर हे बटण, स्क्रीन अडली तर ते. माऊसला हात लावायला त्या तयारच नाहीत. "ह्येचं शेपूट मागं का म्होरं?" पण चुलीवर एकाच वेळी तीन पातेली बघणारी बाई, दिव्यांचं असं पाठ केलं की तांबोळी सरांनाच एकदा चुकलेलं सांगितलं. आणि वृषालीनं इकडं मुलांची पाटीची सवय मोडली. सोपं नव्हतं ते. "तुमचं तुम्ही पुसायचं," रोज तेच. "मी बघणार नाही."

परीक्षेच्या दिवशी पाण्यावर असं धुकं, की लाँच कुठाय तेही दिसेना. कुणाला फिकीर? मुलं चालत शाळेत आली. दारात राजाक्का, इस्त्रीचं लुगडं, गळ्यात ओळखपत्र. वृषाली नियमानं बाहेर, वडाखाली. आतून मधूनच राजाक्कांचं हसू ऐकू यायचं. ईश्वरी बाहेर आली ती पळतच. "बाई, शेवटी तर असले अवघड आले, असले अवघड!" अवघड आले म्हणजे आधीचे सगळे सुटले. वृषालीनं तिला उचललीच.

केंद्र राहिलं. पण चेहरा?

तांबोळी सरांनी पट्टा उलटा करून दिला होता, म्हणजे आता ती पाझरली *नाही* की थरथरायचा. स्वतःही तसाच एक बांधून घरी गेले. तिचा पट्टा सारखा थरथरत होता. तात्यांपुढं कार्डं घेऊन बसायची तिला लाजच वाटायची. दगडापुढं माणूस काय बोलणार?

एका सकाळी तात्याच आले. तिच्या हातातली कार्डं घेतली, ओसरीवर ठेवली आणि मनगट धरून तिला काठावर घेऊन गेले. धुकं विरत होतं. उथळ पाण्यात दगडावर एक पक्षी मान आखडून बसला होता, चिखलाच्या रंगाचा. तात्यांनी त्याच्याकडं बोट दाखवलं आणि हिच्याकडं बघितलं. तू सांग.

आता वृषाली माहेरची कराडची. पाण्यातलं तिला काय कळतंय! तिनं निरखून बघितलं.

"बगळा?" ती म्हणाली. मग तिलाच पटेना. "मळलेला बगळा?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं काठावर नांदतेय आणि मळलेला बगळा! ते तोंड उघडून पक्ष्याकडं वळले, हिच्याकडं बघितलंही नाही. बघून मिळणार काय होतं? हिला माहीत असतं तर ना!

"ढो..." तात्या म्हणाले. थांबले. ओठ हलले. "ढोकरी! ढोकरी हाय ती, येडे!"

आवाज असा की पलीकडच्या काठावरून परत आला. पक्षी दचकून उडाला, आणि पंख उघडले तर आतून पांढराशुभ्र. वृषाली आ वासून बघत राहिली. तात्या तिच्याकडं वळले आणि तिच्या तोंडाकडं बघत एकदम खदखदून हसायला लागले.

"काय झालं तात्या? काय झालं?"

तात्यांनी नुसतं तिच्या मनगटाकडं बोट केलं. पट्टा गप्प होता.